काळोख्या सिंथ-संगीताला पुरवणीत जागा द्यावी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नव्या संगीतावर नुकताच आलेला लेख वाचला. लेखकाने चित्रपटगीते, भावगीते आणि मराठी रॅप यांच्याविषयी आपुलकीने लिहिले आहे. सिंथेसायझरवर उभ्या राहिलेल्या, ‘डार्क’ म्हणवल्या जाणाऱ्या संगीताचा निकाल मात्र त्यांनी दीड वाक्यात लावला: ही मिरवणुकीतल्या डॉल्बीचीच धाकटी पाती आहे आणि ती ऐकून मुले खिन्न होतात. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत बत्तीस वर्षे इलेक्ट्रॉनिक्सचा निदेशक होतो. निवृत्तीनंतर घरच्या ओसरीवर टेपरेकॉर्डर, अ‍ॅम्प्लिफायर आणि अधूनमधून कुणाचा कीबोर्ड दुरुस्त करत बसतो. त्या दीड वाक्याचा राग आला म्हणून काही हे पत्र लिहीत नाही. या संगीताची नवी प्रकाशने दर आठवड्याला येत असतात, त्यांतली थोडी फार चांगली असतात, आपल्या शहराच्या कानाशी त्यांचे जवळचे नाते आहे, आणि मराठी वर्तमानपत्रात त्यांची नोंद घेणारे सदर माझ्या तरी पाहण्यात नाही, म्हणून लिहितो आहे. पत्र लांबले आहे. काटछाट करण्याचा आपला अधिकार मला मान्य आहे. फक्त आमच्या सोलापूरच्या यंत्रमागाविषयीचा मजकूर ठेवावा, एवढी विनंती.

डॉल्बीचा प्रश्न आधी बाजूला काढतो. मिरवणुकीच्या दिवशी माझ्या खिडक्यांची तावदाने थरथरतात आणि शेजारच्या वृद्ध आजींना दोन दिवस लेकीकडे नेऊन ठेवावे लागते, त्यामुळे या विषयावर तक्रार करण्यात मी कुणाच्याही मागे नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालणारे नियम २००० सालापासून आहेत. ते पाळले जावेत. पण तो तंटा आवाज किती मोठा असावा याचा आहे. ज्या संगीताबद्दल मी लिहितो आहे ते पन्नास, शंभर, फार तर तीनशे प्रतींत निघते आणि बहुतेक वेळा रात्री दार लावून, हेडफोनवर ऐकले जाते. जाता जाता एक गंमत. रे डॉल्बी या अभियंत्याने १९६५ साली कंपनी काढली ती ध्वनिफितीतली खरखर कमी करण्याच्या युक्तीवर. माझ्या पिढीच्या टेपरेकॉर्डरवर त्यांच्या नावाचे जे बटण असे, ते दाबले की आवाज किंचित निवळत असे. अशा माणसाचे नाव आपण ट्रकवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीला देऊन बसलो आहोत.

दुसरा गैरसमज असा की सिंथेसायझर ही परकी आणि निर्जीव वस्तू आहे. सोलापुरात ज्या ज्या घरात कुणी गाणे शिकते आणि रियाजाला इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावते, त्या घरात त्याच कुळातले एक यंत्र आधीच येऊन बसलेले आहे. असा तानपुरा १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूत तयार झाला. आज त्याच्याकडे कुणी वळून पाहत नाही. सिंथेसायझरचे तत्त्व सांगायला सोपे आहे. एक मंडल (सर्किट) ठरावीक गतीने कंप पावणारा विद्युतदाब निर्माण करते, दुसरे त्या आवाजातला नको तो भाग गाळते, आणि तिसरे तो स्वर कसा उमटावा, किती रेंगाळावा व कसा विझावा हे ठरवते. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ पासून ही मंडले बांधली आणि एक व्होल्ट वाढवला की स्वर बरोबर एका सप्तकाने चढावा, हा संकेत रूढ केला. १९७० साली त्यांचे मिनीमूग हे उचलून नेण्याजोगे यंत्र आले. जुन्या धाटणीच्या या यंत्रांना एक खोड आहे, जी मी वर्गात उदाहरण म्हणून नेहमी सांगत असे: स्वर ठरवणारा ट्रान्झिस्टर तापला की स्वर सरकतो. गेल्या मे महिन्यात माझ्या भाच्याच्या पत्र्याच्या खोलीत पारा बेचाळिसाच्या वर गेला, तेव्हा सकाळी लावलेला षड्ज दुपारपर्यंत काही जागेवर राहिला नाही. मैफलीत तबलजी हातोडी घेऊन बसतो तसा भाचा छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन दर अर्ध्या तासाने यंत्र पिळत बसला होता. निर्जीव वस्तू उन्हाने बेसूर होत नाही.

आता इतिहासाविषयी दोन गोष्टी सांगतो, कारण माझ्या मागणीचे मूळ त्यांच्यात आहे. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूगचे मोठे यंत्र आले आणि डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकाराच्या मदतीने तेथे एक स्टुडिओ उभा राहिला. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा या मंडळींनी पुढील तीन वर्षे त्यावर काम केले. त्यानंतर त्या ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. २०१७ साली पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताच्या हाती त्या लागल्या आणि २०२३ साली त्यांतील निवडक भाग ध्वनिमुद्रिकेच्या रूपात प्रसिद्ध झाला. म्हणजे मधे पन्नास वर्षे गेली.

दुसरी गोष्ट मुंबईची. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँड कंपनीची तीन यंत्रे, म्हणजे सुरांचे ज्युपिटर-८, खर्जाचे टीबी-३०३ आणि ठेक्याचे टीआर-८०८, एकत्र जोडून दहा रागांची एक तबकडी केली. भैरव आहे, ललत आहे, मालकंस आहे. खाली ठेका डिस्कोचा आणि त्याच्याबरोबर वळवळत जाणारा, गाळणीतून पिळून काढल्यासारखा खर्ज. एचएमव्हीने ती काढली, फारशी खपली नाही, आणि विसरली गेली. पाच वर्षांनी, १९८७ साली, शिकागोच्या तरुणांनी त्याच ३०३ मधून तसाच वळवळता खर्ज काढला तेव्हा त्याला ‘अ‍ॅसिड’ असे नाव मिळाले आणि जगभर त्याचा डंका झाला. सिंग यांची तबकडी २०१० साली नेदरलँड्समधल्या एका छोट्या प्रकाशनसंस्थेने पुन्हा काढली, तेव्हा कुठे लोकांनी कान टवकारले. सिंग २०१५ साली वारले. नशिबाने शेवटची काही वर्षे त्यांना परदेशी मंचांवर ते राग वाजवता आले. दोन्ही वेळा वस्तू आपली होती आणि शोध दुसऱ्यांनी लावला. आपल्या पुरवणीतल्या चार ओळींनी चरणजित सिंग यांची तबकडी खपली असती असा माझा दावा नाही. पण ती निघाली होती, अशी होती आणि एका माणसाने लक्ष देऊन ऐकली होती, एवढे जुन्या अंकांच्या बाडात तरी सापडले असते.

आता सोलापूरकडे येतो. या संगीताचा वंश पाहिला तर तो कारखान्यांच्या शहरांतून आलेला दिसतो, आणि लेखकाच्या नजरेतून निसटले ते नेमके हेच. जर्मनीच्या पोलाद-कोळशाच्या पट्ट्याला लागून असलेल्या ड्युसेलडॉर्फमध्ये १९७० साली क्राफ्टवेर्क हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा चमू सुरू झाला. पोलादाच्या शेफील्डमध्ये १९७३ साली कॅबरे व्होल्टेअर ही त्रयी एका माळ्यावर फितीचे तुकडे जोडत बसली होती. लंडनच्या थ्रॉबिंग ग्रिसल या चमूने १९७६ साली काढलेल्या प्रकाशनसंस्थेच्या नावातच ‘इंडस्ट्रियल’ हा शब्द होता, आणि पुढे तेच या प्रकाराचे नाव पडले. बर्लिनच्या आइन्श्टुर्त्सेंड नॉयबाउटेन या मंडळींनी १९८० पासून भंगारातले पत्रे, स्प्रिंगा आणि ड्रिल मशीन यांची वाद्ये केली. लंडनच्याच टेस्ट डिपार्टमेंट या चमूनेही भंगारच बडवले. पण १९८४ साली ब्रिटनमधल्या खाण कामगारांचा संप पेटला तेव्हा ही मुले साउथ वेल्सच्या संपकरी खाण कामगारांच्या गायकवृंदाबरोबर एका मंचावर उभी राहिली आणि दोघांची मिळून एक ध्वनिमुद्रिका निघाली. माझे वडील मिलमध्ये साचा खात्यात, म्हणजे मागांवर, होते. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलीपासून विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजीपर्यंत एकेक भोंगा या शहराने गप्प होताना ऐकला आहे. आमच्या आईने तर भोंगा बंद झाल्यावर कित्येक महिने पहाटे त्याच वेळी उठून, आवाज का आला नाही म्हणून अंथरुणात बसून राहण्याचा क्रम सोडला नाही. अशा गावाला ‘यंत्रांचे संगीत परके आहे’ असे सांगणे मला पटत नाही.

मागाची गोष्ट थोडी विस्ताराने सांगतो. भाचा माझा अशा संगीताच्या नादी लागलेला आहे. दिवसा तो एका दुकानात हिशेब लिहितो आणि रात्री पत्र्याच्या खोलीत यंत्रे जुळवतो. गेल्या हिवाळ्यात तो म्हणाला, “मामा, मला टॉवेलच्या मागाचा आवाज हवाय, पण माइकवर नको, लोखंडाच्या आतला हवाय.” गाणाऱ्या शुभेच्छापत्रात असते तसली सत्तावीस मिलिमीटरची पितळी चकती घेऊन मी तिला दोन तारा डाकल्या, क्षीण आवाज वाढवणारे एक छोटे पूर्वप्रवर्धक मंडल जोडले, आणि आम्ही पूर्व भागातल्या ओळखीच्या एका कारखान्यात रात्रपाळीला गेलो. कारखानदारांनी आधी शंकेने पाहिले, मग चहा मागवला. चकती मागाच्या सांगाड्याला कापडी पट्टीने चिकटवली आणि मी कानाला हेडफोन लावला.

बाहेर उभे राहून जो एकच खडखडाट ऐकू येतो, तो आत गेल्यावर सुटा होतो. आडवा धागा नेणारा धोटा एका बाजूने सुटतो तो कोरडा फटका. तो पलीकडच्या पेटीत जाऊन आदळतो तो जरा बुजलेला. आणि मधे फणी येऊन बाणा, म्हणजे तो आडवा धागा, ठोकते त्याचा खालून येणारा घुमारा. घड्याळ लावून मोजले तर मिनिटाला ११८ फेऱ्या भरल्या, म्हणजे ज्या गतीला नाचाचे इलेक्ट्रॉनिक संगीत चालते तीच गती. पण टॉवेलच्या मागाची खरी गंमत पुढे आहे. टॉवेलवर जे धाग्याचे फुगीर वेटोळे असतात ते उठवण्यासाठी फणी दोन बाणे अर्ध्यावरच सोडते आणि तिसऱ्याला पुढपर्यंत येऊन तिन्ही एकत्र दाबते. त्यामुळे हा माग तिनात बोलतो: हलका, हलका, जड, हलका, हलका, जड. साधा कापडाचा माग असे बोलत नाही. त्या ११८ फेऱ्यांत जड ठोका मिनिटाला जेमतेम चाळीस वेळा पडतो, इतका संथ की झोप यावी. शेजारच्या मागाच्या फेऱ्या १२१ होत्या. दोघे दर वीस सेकंदांनी क्षणभर एका ठोक्यावर येत आणि पुन्हा हळूहळू फाकत जात. हे फाकणे आणि जुळणे ऐकत मी किती वेळ उभा होतो ते सांगता येत नाही. मागावरचे अण्णा, ज्यांचे केस त्या खोलीतच पांढरे झाले असावेत, ते हसून म्हणाले, “माग बिघडायच्या आधी कानाला कळतं साहेब, डोळ्याला मागनं.”

त्याच कारखान्यात पलीकडच्या बाजूला चादरीचा एक जुना जॅकार्ड माग उभा होता. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वरून फिरते. जेथे भोक तेथे ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो, जेथे भोक नाही तेथे तो खाली राहतो, आणि एकेका पुठ्ठ्यामागे एकेक बाणा पडून चादरीवर मोर उमटतो. लियाँच्या जोसेफ मारी जॅकार्ड यांची ही युक्ती १८०४ च्या सुमाराची. सिंथेसायझरला सूर कोणत्या क्रमाने वाजवायचे हे सांगणारा जो सिक्वेन्सर असतो, त्याच्या सोळा घरांत दिवा लागला तर ठोका, नाही लागला तर शांतता. भाच्याने पुठ्ठ्यांची एक फेरी मोबाइलवर टिपून घेतली, घरी येऊन मोराच्या पिसाऱ्याचा एक भाग त्या सोळा-सोळा घरांत बसवला आणि त्याचा ठेका केला. खाली त्याने टॉवेलच्या मागाचा तिनाचा घुमारा ठेवला आणि वर चाराचा ठोका. तीन आणि चार बाराव्या मात्रेवर भेटतात हे कुठल्याही तबल्याच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. हा हिशेब त्याला मागाने शिकवला, याचे मला अप्रूप वाटते. माग फार दिवस असे बोलणार नाहीत. धोट्याच्या जागी धागा धरून नेणारे रेपियर आले की तो कोरडा फटका जातो, आणि शहरात ते येतच आहेत.

या सगळ्याची त्याने चाळीस मिनिटांची कॅसेट काढली. आता कॅसेट कशाला, असा प्रश्न मलाही पडला होता. फिलिप्सने १९६३ साली आणलेली ही वस्तू आम्ही भंगारात घातली. पण पन्नास प्रतींची तबकडी दाबून घेणे परवडत नाही आणि नुसती फाइल कुणी हातात घेत नाही. कॅसेट घरी भरता येते, तिला वेष्टन असते, तिच्यावर शिक्का मारता येतो. प्रती भरण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. सव्विसाव्या प्रतीला माझ्या जुन्या डेकचा रबरी पट्टा सैल पडला आणि पुढच्या सहा कॅसेटवर सगळे संगीत पाव सुराने लडखडत उतरले. ती चूक संपूर्ण माझी. नवा पट्टा पुण्याहून मागवला. भाच्याने त्या सहा फेकल्या नाहीत. ‘उन्हाची आवृत्ती’ असे लिहून वेगळ्या विकल्या आणि त्या आधी संपल्या. परदेशी पाठवलेल्या पाकिटांपैकी एक तीन महिने कुठेतरी अडकून परत आले, त्यावर ‘यंत्राचा भाग’ असा शेरा होता. शेऱ्यात चूक काढायला मला जागा दिसत नाही.

पैशाचे गणितही वाचकांना ठाऊक असावे, कारण ‘इंटरनेटवर सगळे फुकट मिळते, मग परीक्षण कशाला’ हा आक्षेप येणारच. असे बहुतेक प्रकाशन बँडकॅम्प या संकेतस्थळावरून विकले जाते. तेथे फाइलच्या विक्रीवर १५ टक्के आणि कॅसेट-तबकडीवर १० टक्के कापून उरलेले, बँकेचा खर्च वजा जाता, थेट कलावंताला मिळतात. करोनाच्या काळात, २० मार्च २०२० रोजी, त्यांनी एका शुक्रवारपुरता आपला वाटा सोडला, आणि पुढे अधूनमधून असे शुक्रवार पाळण्याची पद्धत पडली. हे संगीत करणारे लोक अमावस्या-पौर्णिमेसारखे ते शुक्रवार ध्यानात ठेवतात. याउलट स्पॉटिफायवर २०२४ पासून, वर्षभरात हजारापेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही. शंभर माणसांनी वर्षात नऊ-नऊ वेळा प्रेमाने ऐकलेले गाणे या हिशेबात शून्य ठरते. ज्यांचे सगळे प्रेक्षागृह शंभरांचे आहे, त्यांना एका चांगल्या परीक्षणाने वाढलेले वीस श्रोते म्हणजे काय, हे गावोगावी प्रयोग लावणाऱ्या कुठल्याही नाट्यसंस्थेला विचारावे.

नव्या प्रकाशनांपैकी काय ऐकावे असे कुणी विचारले तर मी बेलारूसच्या मिन्स्क शहरातून आलेल्या मोल्चात दोमा या तिघांपासून सुरुवात करायला सांगेन. नावाचा अर्थ ‘घरे गप्प आहेत’ असा आहे. २०१८ साली बर्लिनच्या एका लहान प्रकाशनसंस्थेने त्यांची ‘एताझी’, म्हणजे ‘मजले’, ही तबकडी काढली. दोन वर्षांनी त्यांच्या एका गाण्याचे तुकडे जगभरच्या मोबाइलवर फिरू लागले आणि भूमिगत म्हणावे असे काही त्यांच्यात उरले नाही. २०२४ साली आलेली त्यांची ‘बेलाया पोलोसा’ अधिक घोटीव आहे. मला मात्र ‘मजले’चा ओबडधोबडपणा जवळचा वाटतो, कारण तीत ठेक्याचे यंत्र स्वस्त आहे हे ऐकू येते आणि गायक भिंतीपलीकडून बोलल्यासारखा वाटतो. नॉयबाउटेनची वयस्क मंडळी २०२४ साली ‘राम्पेन’ घेऊन आली. मैफलीत उत्स्फूर्तपणे वाजवलेल्या तुकड्यांवर ती बेतलेली आहे आणि भंगार बडवणारे लोक सत्तरीकडे झुकताना किती हळू वाजवू लागतात हे ऐकण्यासारखे आहे. न्यूयॉर्कचे मिनिमल वेव्ह आणि सॅन फ्रान्सिस्कोचे डार्क एंट्रीज या दोन प्रकाशनसंस्था गेली पंधरा-वीस वर्षे १९८० च्या दशकातल्या विसरलेल्या कॅसेटी शोधून, फिती स्वच्छ करून पुन्हा काढत आहेत. फ्रान्स-बेल्जियममधल्या खोल्यांत कुणी एकट्याने केलेले काम त्यामुळे आज ऐकायला मिळते. भारतातल्या अशा खोल्या कुणी धुंडाळल्या तर काय निघेल, हा विचार अहमदाबादच्या फितींनंतर मनातून जात नाही.

याचा अर्थ जे जे काळे वेष्टन घेऊन येते ते चांगलेच असते असा नाही. खरे तर दहापैकी सात प्रकाशने मला कंटाळवाणी वाटतात. १९८२ सालचा ठेका, १९८२ सालचा घुमारा, विहिरीतून यावा तसा आवाज, आणि त्याच्या तळाशी सांगण्यासारखे काही नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. या प्रकाराच्या आद्य मंडळींनी धक्का देण्याच्या हौसेने नाझी छळछावण्यांची चित्रे वापरली. थ्रॉबिंग ग्रिसलच्या प्रकाशनसंस्थेचे बोधचिन्ह आउशवित्झच्या छायाचित्रावरून केलेले होते. ती सवय काही नव्या चमूंनी अर्थ न कळता उचलली आहे. असे वेष्टन आले तर त्याला परीक्षणात स्पष्ट शब्दांत झोडपले पाहिजे. पण झोडपायलाही आधी ऐकणारा माणूस लागतो.

राहिला खिन्नतेचा मुद्दा. सूर्यास्ताला मारवा ऐकून कुणी मुलाला डॉक्टरकडे नेल्याचे मी ऐकलेले नाही. आपल्याकडे रागांना वेळ आहे, आणि रात्रीच्या वाट्याला मालकंसासारखे भारदस्त राग आले आहेत. घरच्या लग्नानंतर रात्रभर गोंधळ उभा राहतो, दिवटीच्या धुरात संबळ कडकडत राहते, आणि लहान मुले आईच्या मांडीवर ते ऐकतच झोपी जातात. काळोख ऐकण्याची सवय या समाजाला जुनी आहे. माझा भाचा घरात सगळ्यांत जास्त हसतो. त्याची कॅसेट मात्र हसत नाही. मुलाला खरोखरच उदास वाटत असेल तर त्याच्याशी बोलावे, त्याला वैद्यकीय मदत मिळवून द्यावी. त्याची कॅसेट जप्त करून तो बरा होईल असे समजू नये.

आता मागणी. दर पंधरवड्याला, पुरवणीच्या शेवटच्या पानावर, शंभर-सव्वाशे शब्दांच्या दोन नोंदी छापाव्यात: एक बाहेरच्या प्रकाशनाची, एक भारतातली, आणि जमेल तेव्हा महाराष्ट्रातली. नोंदीत कोणत्या गावातून, कुणी, किती प्रतींत आणि किती किमतीला काढले हे असावे; कोणती यंत्रे वाजली आहेत हे असावे; आणि लिहिणाऱ्याने ते दोनदा ऐकलेले असावे, त्यांतले एकदा तरी हेडफोनवर, कारण या संगीतातला निम्मा खर्ज मोबाइलच्या स्पीकरला उचलतच नाही. शब्दांची अडचण येणार नाही. खर्ज, घुमारा, आस, कण, मींड, ठेका, लय हे सगळे शब्द येथे चालतात. ‘फिल्टर’ला फिल्टरच म्हणावे. कुणाला लिहायला सांगावे हे आपण ठरवावे. महाविद्यालयांतल्या मुलांत लिहिणारे मिळतील, आणि त्यांना मंडल समजावून सांगायला माझी ओसरी दुपारी चारनंतर उघडी असते. याच सदराच्या निमित्ताने, आकाशवाणीच्या सोलापूर केंद्राकडे किंवा विद्यापीठाकडे मागांच्या ध्वनिमुद्रणाचा विषय आपण काढावा, अशीही विनंती आहे. आमच्याकडे तीन कारखान्यांची मिळून साडेचार तासांची मुद्रणे आहेत. ती आम्ही विनामूल्य देऊ.

सोबत कॅसेटची एक प्रत जोडली आहे, पट्टा बदलल्यानंतरची. दुसऱ्या बाजूला अकराव्या मिनिटाला दोन माग एका ठोक्यावर येतात. आपल्या कार्यालयात टेपरेकॉर्डर नसल्यास निरोप द्यावा, मी माझा घेऊन येईन.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त निदेशक
भवानी पेठ, सोलापूर